घर विचारत येणाऱ्या बायका

जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या पंडितनं मोबाईल पुढं केला तेव्हा शहादेवच्या तोंडात घास होता, आणि फोटोतला माणूस आपणच आहोत हे कळेपर्यंत तो घास तसाच गालात राहिला. फोटोत एक घर होतं. निळं लोखंडी फाटक, शेजारी संगमरवरी पाटी, पाटीवर ‘शहादेव निवास’. ओट्यावर उन्हात एक माणूस मांडी घालून बसलेला. अंगात बनियन, कमरेला चौकड्याची लुंगी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डाव्या हाताच्या चिमटीत एक सुपारी होती आणि उजव्या हातानं तो माणूस त्या सुपारीला फेटा बांधत होता. सुपारीला डोळे होते, मिशाही होत्या. आणि माणसाची जीभ थोडी बाहेर आली होती, शाळेत चित्र रंगवताना पोरांची येते तशी. “वळखलं का बे?” पंडित म्हणाला. “कुठून काढलास हा?” “मी कशाला काढू? नेटवर हाय. सगळ्या दुनियेला दिसतोय.” पंडितनं बोटानं पडदा सरकवला. वर शहादेवच्या बायकोचं नाव, ‘विजयमाला रुखवत, बीड’. त्याखाली घराचा सगळा पत्ता, बार्शी नाक्यापासून थेट फाटकापर्यंत आणून सोडणारी निळी रेघ, आणि हाच फोटो टाकून कुणा बाईनं लिहिलेलं चार ओळींचं कौतुक. ताईंचं काम एक नंबर. ताईंचे मिस्टर पण घरी बसून खूप मदत करतात.

घरी बसून. पंचवीसेक वर्षं नोकरी झालेला माणूस, ज्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय कचेरीतला एक कागद वर सरकत नाही, ज्याला पाहिलं की नवी पोरं मोबाईल खिशात घालतात, तो घरी बसून. त्या बाईनं मनापासून लिहिलं होतं, हे शहादेवला कळत होतं, आणि म्हणूनच त्याला कुणावर चिडता येईना. टवाळी असती तर उलटून बोलता आलं असतं. कौतुकाला काय बोलणार? टेबलाभोवतीचे चौघे-पाचजण मान वाकवून फोटो बघत होते, कुणी दोन बोटांनी तो मोठा करत होतं, आणि मोठा केला की बरोबर त्याची जीभ दिसत होती. “साहेब, फेटा मात्र कडक बांधलाय,” एकजण म्हणाला. शहादेव हसला. हसणं भागच होतं. मग त्यानं डबा बंद केला, हात धुवायला गेला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर एक सुपारी ठेवलेली होती, कागदाची टोपी घातलेली. त्यानं ती खणात टाकली आणि कुणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी आठ दिवस चाललं असतं.

हे सगळं त्यानं आनंदानं केलं होतं, खरी लाज त्याचीच होती. विजयमाला लग्नातलं रुखवत करायची. मांडवात नवरीकडच्यांनी टेबलावर जे मांडायचं ते सगळं, सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांची तुळस, खोबऱ्याच्या वाटीतला पाळणा, लोकरीची तोरणं. मुलगी संस्कृती अंबाजोगाईला नर्सिंगला गेली, घर रिकामं झालं, आणि विजयमालानं एका भाचीच्या लग्नासाठी म्हणून जे सुरू केलं ते थांबलंच नाही. एका संध्याकाळी नवऱ्याच्या सुपारीला फेटा नीट बसेना म्हणून ती वैतागली होती. शहादेव पेपर वाचत होता. तो म्हणाला, आण इकडं. बोटभर रुंद केशरी कापड, त्याला बारीक जरीची कड, सुपारीच्या माथ्यावर दोन वेढे आणि तिसऱ्याला पीळ देऊन तुरा. पहिल्याच झटक्यात जमलं. विजयमाला म्हणाली, “अगं बाई!” एवढंच. पण त्या दिवसापासून फेटे त्याचे. कचेरीतून आलं, हातपाय धुतले, चहा घेतला की तो ओट्यावर बसायचा. डिंकाचा वास, बोटांना चिकटून वाळणारी साय, ती सोलून काढताना येणारी बारीक मजा. त्या तासाभरात त्याला ना वरचे साहेब आठवायचे ना गावाकडचं वाटणीचं भांडण. सुपारीला मिशी काढताना तो प्रत्येक नवऱ्याला वेगळी काढायचा. एकाला जरा भित्री, एकाला आकडेबाज. हे त्यानं विजयमालालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि आता ते नकाशावर होतं, कुणीही यावं आणि बघावं.

त्या संध्याकाळी त्यानं ओट्यावर न बसता आतल्या खोलीत खुर्ची घेतली. विजयमालानं सुपाऱ्यांचं ताट पुढं ठेवलं, तर म्हणाला, डोळे दुखतात. मग थोड्या वेळानं म्हणाला, “तो नेटवरचा घराचा पत्ता काढून टाकू. बाईमाणसाचं घर. दिवसभर तू एकटी. कोण कुठला येईल काय सांगावं? पेपरात रोज काय काय येतंय.” हे त्यानं वाटेतच जुळवून ठेवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. लोक खरंच येतात, चोऱ्या खरंच होतात, आणि घरात काम करणाऱ्या बाईनं आपला पत्ता असा चव्हाट्यावर मांडू नये असं शहाणी माणसंही सांगतात. सगळं खरं होतं, फक्त त्याचं कारण ते नव्हतं. विजयमाला मणी ओवत म्हणाली, “माझ्याकडं कोण येतंय हो? बायकाच येत्यात. घर सापडलं न्हाई तर त्या बघणार काय आन ठरवणार काय? एक दुसरीला सांगत असती तर गोष्ट येगळी. ह्यात कुणी कुणाला सांगत न्हाई.”

ते मात्र खरं होतं. लग्नात रुखवताभोवती गर्दी झाली की नवरीची आई सांगते, सगळं आमच्या पोरीनं हातानं केलं. तेच सांगायचं असतं. सासरच्यांनी ऐकायचं असतं ते तेच. मग पोरगी पुण्यात कंपनीत असो की तिनं आयुष्यात सुई धरलेली नसो. त्यामुळं विजयमालाकडं येणारी प्रत्येक बाई थोडी चोरून यायची. फाटकात शिरताना मागं बघायची, चहा घ्यायची, ओट्यावर निवांत बसायची आणि जाताना हमखास म्हणायची, “ताई, कुठं बोलू नका हं.” विजयमाला म्हणायची, “मी कावून बोलू?” आणि ती बोलायची नाही. कुणाचं रुखवत कोणत्या लग्नात गेलं हे तिनं शहादेवलाही कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बायकांना दुकानाची जाहिरात गिऱ्हाईकं करतात. हिची गिऱ्हाईकं हिला ओळखही दाखवायची नाहीत. बाजारात समोरून आली तर भाजीच्या ढिगात डोकं घालायची. तिच्याकडं माणसं यायची ती फक्त त्या नकाशावरून. मुलीनं सुट्टीत बसून ते करून दिलं होतं, घराच्या पाटीचा फोटो काढून, बापाचं नाव त्यात यावं म्हणून मुद्दाम. शहादेवला तेव्हा बरं वाटलं होतं. आपलं नाव इंटरनेटवर आलं म्हणून त्यानं ते पंडितलाच दाखवलं होतं बहुतेक. आता नीट आठवत नव्हतं, आणि आठवायचंही नव्हतं.

त्या आठवड्यात त्याला आप्पा सारखे आठवत राहिले. आप्पा म्हणजे त्याचे वडील, गेवराईकडच्या त्यांच्या गावात दबदब्याचा माणूस. शहादेव सात-आठ वर्षांचा असताना आईची कंबर धरली आणि ती महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली. बाई ठेवली असती तर गावभर झालं असतं, म्हणून घरातलं आप्पाच करायचे. झाडायचे, भांडी घासायचे, दार लोटून भाकरीचं पीठ मळायचे. शहादेवला उंबऱ्यावर बसवलेलं असायचं. त्याचं काम एकच, कुणी येताना दिसलं की खोकायचं. खोकला ऐकला की आप्पा हात पुसून बाजेवर येऊन बसायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. शहादेव फार चांगला खोकायचा, खरा वाटेल असा. एकदा मात्र उंबऱ्याच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती, एक मुंगी आपल्याहून मोठा साखरेचा दाणा ओढत होती, आणि त्याला जवळ येणारी पावलं ऐकूच आली नाहीत. गावचे विजयसिंह पाटील थेट आत. आप्पा परातीपुढं, कोपरापर्यंत पीठ. मग आप्पा म्हणाले, “म्हशीला कालवत होतो जरा. व्यायलीय ना.” आणि ते खोटं खरं करायला ते परात घेऊन उठले, पाटलांच्या देखत गोठ्यात गेले आणि भाकरीचं मळलेलं सगळं पीठ म्हशीपुढं टाकलं. घरात तेवढंच पीठ होतं. म्हैस ते चाटून पुसून खात असताना आप्पा तिच्या पाठीवर थाप मारत पाटलांशी पावसापाण्याचं बोलत राहिले. त्या संध्याकाळी आईसकट सगळे उपाशी झोपले. आप्पांनी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर ते तेव्हाच संपलं असतं. ते फक्त म्हणाले, “खोकला असतास तर.” आप्पा जाऊन वर्षं झाली, तरी शहादेवला ते वाक्य चपातीचं पीठ मळताना विजयमालाच्या बांगड्या वाजल्या की ऐकू येतं. आपला बाप किती लाचार होता, असं त्याला तरुणपणी वाटायचं. आपण तसे होणार नाही, असंही वाटायचं.

त्यानं संस्कृतीला फोन करून विचारलं, पत्ता झाकता येतो का? ती म्हणाली, “येतो की पप्पा. नुसता परिसर दाखवायचा, घर न्हाई. फोन आला की मग सांगायचं. घरून काम करणाऱ्या लई बाया तसंच करतात, चांगलंच असतं ते. मम्मीला विचारलं का?” त्यानं सांगितलं, विचारलं. विजयमालाही शेवटी म्हणाली, “करा बाई, तुमाला बरं वाटत असंल तर.” तिच्याच मोबाईलवर त्यानं ते केलं, ‘शहादेव निवास’ नकाशावरून पुसलं गेलं, फोटोही कसाबसा निघाला, आणि दोन दिवस त्याला हलकं वाटलं. मग रविवारी सकाळी तो दाढी करत असताना ओट्यावरून विजयमालाचा आवाज आला. फोनवर एका बाईला ती रस्ता सांगत होती, आणि फोनवर बोलताना ती नेहमी समोरचं माणूस बहिरं असल्यासारखी बोलते. “बार्शी नाक्यावरून आत या! पाण्याच्या टाकीपसून डावीकडं! कुणाला बी विचारा, शहादेव साहेबाचं घर कुठं हाय! हां, ते कचेरीतले! रुखवतवाले म्हणा, पोरं बी सांगतील!” समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी माणसं थांबून ऐकत होती. शहादेवच्या हनुवटीवर कापलं. म्हणजे जे नकाशावर मुक्यानं लिहिलेलं होतं ते आता गल्लीत दवंडी पिटून सांगितलं जात होतं, त्याच्या नावासकट. दुपारी ती बाई आली, गल्लीतल्या दोन पोरांनी तिला फाटकापर्यंत आणून सोडलं, आणि शहादेव मागच्या दारानं बाहेर पडला. बिंदुसरा नदीच्या पुलावर जाऊन उभा राहिला. आपल्याच घरातून आपण मागच्या दारानं पळालो, हे त्याला पुलावर कळलं. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्या लाजेचा राग विजयमालावर निघाला.

ती आंघोळीला गेली होती तेव्हा त्यानं ते केलं. तिचा मोबाईल फडताळावर होता. नकाशावरच्या तिच्या पानाच्या यादीत खाली ‘कायमचे बंद’ असं होतं. त्यानं दाबलं, विचारलेल्या गोष्टींना उत्तरं दिली, आणि मोबाईल होता तसा, त्याच तिरक्या कोनात ठेवला. आतून तांब्याचा आवाज येत होता. थोडे दिवस, असं तो स्वतःला म्हणाला. कचेरीतलं बोलणं थंड झालं की परत चालू करू. कुणाचं काय जातं?

त्यानंतर फोन येणं थांबलं. तुळशीचं लग्न झालं, लोकांची लग्नं सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे खांब टाकणारी गाडी रोज दिसायला लागली, आणि विजयमालाचा मोबाईल मुका. आधी ती म्हणाली, यंदा तिथीच उशिरा असतील. मग म्हणाली, आता पुण्याहून तयार पेट्या येतात म्हणे, काचेच्या, आत दिवे असलेल्या. मग काही म्हणेनाशी झाली. ती जुनी तोरणं काढायची, उसवायची आणि पुन्हा करायची. एका दुपारी, रविवार होता, ती मण्यांची तुळस घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. “खरं सांगा,” ती म्हणाली, “माझ्या हाताला काय झालंय का? ह्यात काय कमी हाय ते तरी सांगा. मला दिसंना झालंय.” तिनं तुळस उजेडाकडं फिरवली. हिरवे मणी, एकेक पान वेगळं, कुठं गाठ दिसत नव्हती. शहादेव म्हणाला, “काही कमी नाही. सीझनच थंड आहे.” “तुमी मन राखायला म्हणताय.” “नाही गं.” “मग लोक येत का न्हाईत?” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं न कळणं होतं, आणि ते त्याला बघवेना. आता सांगावं. तोंड उघडावं आणि सांगावं. पण काय सांगायचं? सुपारीला फेटा बांधताना माझा फोटो निघाला म्हणून तुझा धंदा बुडवला? वाक्य मनातल्या मनात उच्चारतानाच ते इतकं बारकं, इतकं केविलवाणं वाटायचं की तोंडातून काढण्यापेक्षा ते गिळणं सोपं होतं. चोरी केली, मारहाण केली, असं काहीतरी मोठं असतं तर सांगता आलं असतं. त्यानं पेपर उघडला. रोज वाटायचं की आज परत चालू करू, आणि रोज वाटायचं की आता चालू केलं आणि एकदम फोन यायला लागले तर तिला कळेल. आणि संध्याकाळी ओट्यावर बसून करायलाही काही उरलं नव्हतं. बोटं उगाच लुंगीच्या काठाला पीळ देत राहायची.

माघात पंडितच्या मुलीचं, सायलीचं लग्न आलं. गेवराई रस्त्यावरचं मंगल कार्यालय, भर दुपारचा मुहूर्त, स्पीकर, पंगतीतला भाजीचा वास. विजयमाला आधी नको म्हणत होती, मग ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून आली. हात धुऊन शहादेव मांडवात आला आणि रुखवताच्या टेबलापुढं थांबला. मधोमध पाटावर सुपारीचे नवरा-नवरी होते. नवऱ्याची मिशी भित्री होती. फेट्याचा तुरा डावीकडं झुकलेला, कारण त्या दिवशी जरीची कड कमी पडली होती आणि ती झाकायला त्यानं तो तसा झुकवला होता. तो त्याचाच नवरदेव होता, त्या फोटोतला. आपलं मूल दुसऱ्याच्या घरात खेळताना दिसावं तसं त्याला झालं. म्हणजे पंडितची बायको येऊन गेली होती. म्हणजे पंडितला ते पान सहज नव्हतं सापडलं, तो बायकोला घर शोधून देत होता, आणि शोधता शोधता फोटो दिसला होता. टेबलापलीकडं पंडित फेटा बांधून नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगत होता, “सगळं आमच्या सायलीनं केलंय बरं का, एक वस्तू इकत घेतली न्हाई.” बोलता बोलता त्याची नजर शहादेववर आली आणि तो मध्येच अडखळला. एका क्षणात दोघांनाही सगळं कळलं. आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. कचेरीतल्या टेबलावर ठेवलेली ती टोपीवाली सुपारी, महिनाभराच्या कोट्या, सगळ्याची भरपाई चार शब्दांत झाली असती. पण पंडितच्या चेहऱ्यावर जे होतं ते शहादेव रोज आरशात बघत होता. पंडित कसाबसा म्हणाला, “जेवलास ना रे पोटभर?” शहादेव म्हणाला, “जेवलो.”

विजयमाला बायकांत उभी होती. नवरीच्या गालावरून हात फिरवून ती म्हणत होती, “लई गोड हात हाय गं तुझा. असं काम आजकाल कुणाला येतंय?” सायलीनं मान खाली घातली. तिची आई दुसरीकडं बघत होती. विजयमालाच्या आवाजात एक कण खोट नव्हती, आपल्याच वस्तूकडं ती पाहुण्यासारखी बघत होती. शेजारी पंडितची बहीण होती, गेवराईची. ती म्हणाली, “सायलीला येतंय, आमच्या पोरीला सुई धराय येत न्हाई. मी तर करूनच घेणार होते. बीडात कुणीतरी बाई हाय म्हणे ह्याची, लई नाव होतं. पण बंद झाली जणू. हे बघा.” तिनं मोबाईल विजयमालापुढं धरला. शहादेव तीन हातांवर उभा होता. त्याला पडद्यावरचं दिसलं नाही, दिसण्याची गरजही नव्हती. विजयमाला वाचत होती. स्वतःचं नाव, आणि त्याखाली लाल अक्षरात, कायमचे बंद. तिथं एक शब्द बोलली असती तर त्या बाईचं काम तिला लगेच मिळालं असतं, आणि टेबलावरचं सगळं कुणाचं हेही व्याह्यांना तिथंच कळलं असतं. ती म्हणाली, “हो का?” मग पदर सावरला आणि म्हणाली, “चालू करंल परत. बघा आठ दिवसांनी.”

परतताना ती स्कूटरवर मागं बसली होती. वारं होतं. नाका ओलांडल्यावर ती मागून म्हणाली, “ऐकलं का? माझं बंद दाखवतंय म्हणे नेटवर. कायमचं.” शहादेवनं ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं परत सांगितलं, आणि मग स्वतःच म्हणाली, “माझ्याच हातून दाबलं गेलं असंल काहीतरी. मला कुठं येतंय त्यातलं? इडिओ बघताना बोट लागलं असंल. आन मी बसले हाताला दोष देत.” ती हसली, सुटल्यासारखी. “म्हणजे कामात काही कमी न्हवतं हो.” पुढं उसाची एक ट्रॉली डुगडुगत चालली होती, तिच्यामागं त्यानं गाडी हळू केली. आता, तो स्वतःला म्हणाला, आत्ता. ती मागं बसलेली आहे, तोंड बघावं लागणार नाही, याहून सोपं कधी होणार नाही. तो म्हणाला, “जाऊ दे. होतं असं. तू काय मुद्दाम केलंस?” आणि हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यानं तिला माफ केलं होतं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात घरापर्यंत तिथंच होता, आणि घरापर्यंत त्याला मान वळवता आली नाही.

घरी आल्या आल्या पैठणीही न बदलता तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला. “तेवढं नीट करा.” शहादेव ओट्यावर बसला. ती शेजारी वाकून बघत होती. आपल्याला ठाऊक नाही असं दाखवायला तो भलत्या ठिकाणी शिरला, बाहेर आला, “कुठं असेल बरं,” असं पुटपुटला. अंगठा मात्र नेमक्या जागी जायला बघत होता, आणि त्याला तो आवरावा लागत होता. शेवटी सापडल्यासारखं केलं. परत उघडलं. पत्त्याच्या जागी आला तेव्हा विजयमाला म्हणाली, “घराचं नाव नकाच घालू. नुसती गल्ली ऱ्हाऊ द्या. आन फोन आला तर मी आत जाऊन बोलंन, हळू.” त्यानं वर पाहिलं. ती दुसरीकडं बघत बांगड्या मागं सारत होती. तिला काय काय ठाऊक होतं, कधीपासून, ते तिच्या तोंडावर काही दिसलं नाही.

मग तिनं हौसेनं मुलीला फोन लावला, स्पीकरवर. “अगं संस्कृती, गंमत ऐक. माझंच दुकान मीच बंद करून बसले होते. चुकून दाबलं आन तीन महिने पत्ताच न्हाई. आत्ता तुझ्या पप्पांनी नीट करून दिलं बघ.” पलीकडं वसतिगृहात कुणीतरी बादली आपटत होतं. संस्कृती म्हणाली, “मम्मी, ते चुकून न्हाई दाबलं जात.” “अगं बोट लागलं असंल.” “न्हाई गं. एकदा दाबलं की ते विचारतं, खरंच कायमचं बंद करायचंय का? हो म्हणलं की परत विचारतं. मग होतं. नुसतं बोट लागून कसं होईल?” ती थांबली. मग हळूच म्हणाली, “पप्पा हायत का तिथं?”

शहादेव ओट्याच्या कडेला बसला होता. त्याला उठून आत जाता आलं असतं, पण तो बसून राहिला. विजयमालानं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यानं तो झेलला असता. ती नुसती बघत राहिली आणि तिला जे बघायचं होतं ते दिसलं. जांभळ्या पैठणीतली ती बाई आपली बायको आहे आणि आपण तिच्या ओट्यावर चोरून आलेलं एक गिऱ्हाईक आहोत, असं त्याला वाटलं.

“हायत की,” विजयमाला फोनमध्ये म्हणाली. “विचारलं असंल बाई मोबाईलनं दोनदा. मीच हो म्हणले असंल दोन्हीदा. तुझं जेवण झालं का, ते सांग.”